बाईंना ठाऊक नसलेली गोष्ट

चौथीच्या एका वर्गातल्या निबंधाच्या वह्या एका दुपारी माझ्यासमोर होत्या. विषय ‘माझा आवडता पक्षी’. वह्या पस्तीस, आणि त्यांतल्या तीसएक वह्यांत मोर. तो भारताचा राष्ट्रीय पक्षी होता, त्याच्या डोक्यावर तुरा होता, आकाशात काळे ढग आले की तो पिसारा फुलवून नाचत होता, आणि शेवटच्या ओळीत ‘असा हा मोर मला फार आवडतो’ म्हणून सगळ्यांना अगदी सारखाच आवडत होता.

त्या गावात मोर नव्हता. शाळेमागे एक जुनी विहीर होती, तिच्यावर वाकलेली बाभूळ होती आणि बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत होती. त्यांतली दोन-तीन अर्धवट विणून सोडलेली. ती तशी का सोडली, यावर मधल्या सुट्टीत पोरांची जोरदार वादावादी चालायची. एकाचं म्हणणं, मादीला पसंत पडली नाहीत. दुसरा म्हणे, नर आळशी. तिसऱ्यानं आजोबांचा हवाला देऊन वाऱ्याची दिशा काढली होती. हीच मंडळी घंटा झाली की वर्गात येऊन वही उघडायची आणि मोर लिहायची.

मी एकाला विचारलं, “अरे, सुगरणीचं का नाही लिहिलंस?”

“ते काय लिहायचं? बाईंना माहितीय की.”

“मग मोर माहीत नाही का बाईंना?”

“मोर बाईंनीच सांगितलाय.”

पोराच्या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. निबंधाच्या वहीला वाचक एकच, आणि तो सगळं जाणणारा. बाई वही वाचतात ती काही नवं कळावं म्हणून नाही. वेलांटी चुकली का, उकार राहिला का, हे बघायला. अशा वाचकाला सुगरणीचं घरटं सांगण्यात धोका आहे आणि फायदा काही नाही. मोर सुरक्षित. त्याच्या पिसाऱ्याखाली तीस पोरं निर्धास्त बसली होती.

वहीला बाईंखेरीज दुसरा वाचक मिळाला तर काय होतं? हा प्रश्न नवा नाही. प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी तो शंभर वर्षांपूर्वीच हातात घेतला होता, आणि त्याचं उत्तर शाई माखलेल्या बोटांनी शोधलं होतं.

समोर कुणी नसताना बोलायचं

तीन-चार वर्षांचं मूल फोनवर बोलताना पाहा. पलीकडून आजी विचारते, “जेवलास का?” मूल मान हलवतं. आजी पुन्हा विचारते, मूल पुन्हा मान हलवतं. मग हातातली गाडी फोनला दाखवून म्हणतं, “ही बघ!” पलीकडच्या माणसाला आपलं दिसत नाही, हे त्याच्या गावीही नसतं. पुढे ते कळतं, पण फोनवर निदान आजीचा आवाज तरी असतो. ती “कसली गाडी? कुणी दिली?” असं विचारत जाते आणि मुलाचं बोलणं पुढे सरकतं.

लिहिताना तोही आधार जातो. कपाळावर आठी घालणारं कुणी नाही, “मग काय झालं?” म्हणणारं कुणी नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांचं विचार आणि भाषा यांच्यावरचं पुस्तक १९३४ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच आलं. त्यात त्यांनी म्हटलं आहे की लेखन हे श्रोत्यावाचून केलेलं बोलणं आहे, आणि बोलण्याच्या मानाने ते असं अवघड, जसं अंकगणिताच्या मानाने बीजगणित. शिवाय मुलाला लिहायला बसवतो तेव्हा लिहिण्याची गरजच त्याला वाटत नसते, हेही त्यांनी नोंदवलं. बोलण्यामागे भूक असते, भांडण असतं, हट्ट असतो. निबंधामागे फक्त तास असतो.

कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या कॅनडातल्या संशोधकांनी १९८७ सालच्या आपल्या पुस्तकात मुलांच्या लेखनाची एक रीत टिपली. विषय मिळाला की मूल त्याबद्दल आठवेल ते एकामागून एक उतरवतं, आणि आठवणं थांबलं की लिहिणंही थांबवतं. मोराचे सगळे निबंध असेच. राष्ट्रीय पक्षी, तुरा, पिसारा, नाच, संपलं. सराईत लेखक मात्र लिहिता लिहिता मागे वळतो. हे वाचणाऱ्याला कळेल का, हे आधी सांगायला हवं होतं का, असं स्वतःला विचारतो. या वळण्यासाठी डोक्यात एक वाचक बसलेला लागतो. मुलाच्या डोक्यात तो आपोआप येत नाही. आधी बाहेर खराखुरा असावा लागतो, मग हळूहळू आत येतो.

धाप लागणारा मास्तर

सेलेस्तँ फ्रेने हा दक्षिण फ्रान्समधला खेड्यातला मुलगा, जन्म १८९६चा. शिक्षक होण्याची तयारी चालू असतानाच पहिलं महायुद्ध आलं. १९१७ साली छातीत गोळी लागली आणि फुप्फुस कायमचं दुखावलं. १९२०च्या आरंभी तो बार-स्युर-लू या डोंगरावरच्या गावात प्राथमिक शिक्षक म्हणून आला. वर्गभर फिरत, आवाज चढवून तासन्‌तास शिकवणं त्याला झेपेना. थोडं बोललं की धाप लागे. आपल्या पुढच्या प्रयोगांचा उगम सांगताना फ्रेने या अपुऱ्या दमाचा उल्लेख करत असे.

मास्तर कमी बोलणार म्हणजे पोरं जास्त बोलणार. फ्रेने त्यांना घेऊन गावात हिंडायला लागला. विणकराकडे, सुताराकडे, शेतावर, नदीकाठी. परत आल्यावर मुलं पाहिलेलं सांगत आणि तो ते फळ्यावर लिही. वर्ग जिवंत होई. मग दुपारी पाठ्यपुस्तक उघडलं जाई आणि त्यातल्या परक्या धड्याबरोबर पोरं पुन्हा मलूल होत. सकाळचा फळा संध्याकाळी पुसला जाई. पुस्तक तेवढं छापलेलं म्हणून टिकून राही. मुलांचे शब्दही छापले तर?

१९२४ साली त्याने एक छोटं हातछपाईचं यंत्र मिळवलं आणि ते वर्गात ठेवलं. दिवसाचा क्रम हळूहळू ठरत गेला. मुलं आपण होऊन काही लिहून आणत. विषय मास्तर देणार नाही. ते वर्गात वाचून दाखवायचं. मग मतदान. ज्याला जास्त मतं तो मजकूर फळ्यावर. लिहिणारा समोर उभा, बाकीचे प्रश्न विचारणार: कुत्रं कुणाचं होतं? आधी पडलास की आधी भुंकलं? फळ्यावरचा मजकूर सगळ्यांच्या मदतीने नीट व्हायचा आणि मग तो छापायचा. प्रत्येकाला एक प्रत. ती आपापल्या बाडात लावायची. त्या बाडाला ते ‘जीवनाचं पुस्तक’ म्हणत. वर्षअखेरीस मुलाच्या हातात वर्गानेच लिहिलेलं क्रमिक पुस्तक तयार.

खिळे जुळवताना

छपाईची ती रीत आता आपल्याकडेही दिसेनाशी झाली आहे, म्हणून जरा जवळून पाहू. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर, तेही आरशातल्यासारखं उलटं. खणाखणाच्या पेटीतून खिळे वेचायचे, हातातल्या पट्टीत ओळीने बसवायचे, दोन शब्दांच्या मध्ये कोरा खिळा टाकायचा. ओळ भरली की पुढची. सगळ्या ओळी चौकटीत घट्ट आवळायच्या, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा, दाबायचा, आणि अलगद उचलायचा.

फ्रेंच शाळांत बरीच मुलं वाचता वाचता ज्या अक्षरांपाशी अडखळतात, ती अक्षरं (b, d, p, q) एकमेकांची उलटसुलट रूपं आहेत. एक दांडी आणि एक गोल; दांडी वर की खाली, गोल डावीकडे की उजवीकडे, एवढाच फरक. त्यात खिळा आरशातला, म्हणजे चूक व्हायचीच. वहीत चूक झाली तर लाल रेघ येते आणि विसरली जाते. खिळा चुकला तर छापलेल्या प्रत्येक प्रतीवर ती चूक उमटते, आणि त्या प्रती पाहणारी माणसं अनेक. त्यामुळे पहिली प्रत निघाली की मुलं तिच्यावर तुटून पडत. आपल्याकडे ज्याला मुद्रितशोधन म्हणतात ते आठ-नऊ वर्षांची पोरं करत होती, आणि मास्तर बाजूला उभा होता.

शुद्धलेखनाचा अर्थच इथे बदलतो. एरवी ते बाईंच्या धाकाचं. इथे ते वाचणाऱ्याच्या सोयीचं. पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं, त्या जातीचं. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक दहा वेळा लिहून पाठ होत नाही, पण ‘दीनविशेष’ असं भिंतीवर लागलेलं पाहून मोठ्या वर्गातला कुणी हसला की एकदाच पक्का होतो.

डोंगर आणि समुद्र

तरी एवढ्याने काम पुरं झालं नसतं. वर्गातल्या वाचकांना सगळं ठाऊकच होतं. कुत्रं कुणाचं ते सगळ्या गावाला माहीत. पुढे फ्रेनेच्या वर्गाची गाठ रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाशी पडली. हा वर्ग होता त्रेगँक गावात, ब्रिटनी प्रांतात, फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला. छापलेली पानं टपालाने जाऊ-येऊ लागली.

बार-स्युर-लू हा कडवट संत्र्यांचा मुलूख. तिथली फुलं जवळच्या ग्रास शहरात अत्तरासाठी जायची. फुलं वेचणं हे गावातल्या घराघरातलं काम. त्यात सांगण्यासारखं काय असतं, असं तिथल्या पोरांना वाटणं साहजिक. त्रेगँकच्या कोळ्यांच्या पोरांनी ते झाड पाहिलेलं नव्हतं. त्यांचं जग भरती-ओहोटीचं, होड्यांचं, जाळ्यांचं. तेही त्यांना तितकंच सपक वाटत असणार. आता एकमेकांना सांगायचं म्हणजे आपलंच गाव परक्या नजरेने पाहणं आलं. झाड किती उंच? फुलं कधी वेचता? वास कसा? ‘छान’ म्हणून सुटका नाही, कारण वाचणारा हजारभर किलोमीटरवर बसला आहे आणि त्याला खरोखरच माहीत नाही.

वर्गपत्रव्यवहाराची किल्ली इथे आहे. बाईंना ठाऊक असलेलं बाईंना लिहून देणं ही परीक्षा. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगणं ही भाषा. भूगोल, मोजमाप, वर्णन, पत्राचा मायना, टपालखर्चाचा हिशेब, सगळं त्या एका सांगण्याच्या निकडीमागून ओढलं जातं.

ही कल्पना पसरायला वेळ लागला नाही. १९२७ साली फ्रेनेचं शाळेतल्या छापखान्यावरचं पुस्तक आलं. त्याच सुमारास निरनिराळ्या शाळांतल्या मुलांच्या लेखनातून ‘ला जर्ब’, म्हणजे ‘पेंढी’, नावाचं नियतकालिक निघालं. छापखाना चालवणाऱ्या शिक्षकांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि चळवळ सीमा ओलांडून स्पेन, बेल्जियम, इटलीत गेली.

इटलीहून ‘प्रिय बाई’पर्यंत

इटलीतली वाट मराठी वाचकाला ओळखीची आहे, फक्त तिचा उगम फारसा सांगितला जात नाही. ‘प्रिय बाई’ हे छोटं पुस्तक आपल्याकडच्या शिक्षक-पालकांनी आवडीने वाचलं. बार्बियाना या डोंगरावरच्या वाडीत लोरेंझो मिलानी या पाद्र्याने चालवलेल्या शाळेतल्या आठ मुलांनी ते लिहिलं. मूळ पुस्तक १९६७चं. शाळेने नापास करून घरी पाठवलेली ही शेतकऱ्यांची पोरं, आणि पुस्तक म्हणजे नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र.

मिलानींच्या शाळेत वादविवाद भरपूर होई, वर्तमानपत्र वाचलं जाई. पण एकत्र लिहिण्याची रीत तिथे आली ती १९६३ साली, मारिओ लोदी या प्राथमिक शिक्षकाच्या भेटीनंतर. लोदी हा इटलीतल्या फ्रेने-चळवळीतला माणूस. त्याच्या वर्गात छोटं वर्तमानपत्र निघे, दुसऱ्या वर्गांना पत्रं जात. त्याच्या पियादेना भागातल्या वर्गाला बार्बियानाच्या मुलांनी पत्र लिहायचं ठरलं आणि ते लिहिताना त्यांची रीत बसली. प्रत्येकाने आपल्याला सुचलेली एकेक गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची. सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. दोनदा आलेल्या काढायच्या, एका विषयाच्या एकत्र करायच्या, त्यांचे ढीग लावायचे, ढिगांचा क्रम ठरवायचा. मग एकेक वाक्य घेऊन त्यातला फुकटचा शब्द शोधायचा आणि उडवायचा. शेवटी बाहेरच्या माणसाला वाचायला द्यायचं आणि त्याला काय कळलं ते विचारायचं. आपल्याला काय म्हणायचं होतं त्यापेक्षा त्याला काय कळलं, याला किंमत जास्त.

यासाठी यंत्र लागत नाही. चिठ्ठ्या लागतात आणि एक टेबल. टेबल नसेल तर सतरंजी चालते.

आपल्याकडे हातानं

योगायोग असा की फ्रेनेने यंत्र आणलं त्याच १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण शिक्षक रुजू झाला. पुढे वसतिगृहाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि त्याने मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढलं. मुलं उठून पाहतात तो भिंतीवर ताजा मजकूर लागलेला. १९२८ साली ‘विद्यार्थी’ हे छापील मासिकही आलं. ही माध्यमिक शाळा होती आणि दैनिकातला मजकूर प्रामुख्याने साने गुरुजींचाच असे. फ्रेनेच्या वर्गाहून हा प्रकार वेगळा. पण लिहिलेलं रोजच्या रोज, नावानिशी ओळखीच्या वाचकासमोर ठेवायचं, ही समज दोन्हीकडे एकच.

मराठी शाळांत पुढे हस्तलिखिताची परंपरा चांगली रुजली. गणेशोत्सवात नाहीतर स्नेहसंमेलनाला हस्तलिखिताचं प्रकाशन, सुवाच्य अक्षराच्या मुलीकडे सगळी पानं लिहिण्याचं काम, चित्रकलेच्या सरांकडे मुखपृष्ठ. शिवाय जिन्याजवळचं भित्तिपत्रक. आपण छापखान्याकडे न जाता हाताने का लिहीत राहिलो? पैसा हे कारण आहेच. मला वाटतं लिपीचाही त्यात वाटा असावा. रोमन लिपीची छपाई थोड्या खणांत भागते. देवनागरीची पेटी म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं मिळून काही शे खिळे. मुरलेल्या जुळाऱ्यालाही तिथे वर्षं घालवावी लागत. तिसरीतल्या पोराच्या हाती ती पेटी देणं शक्य नव्हतं.

हस्तलिखिताचं दुखणं मात्र ठरलेलं. प्रत एकच. प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हातात फोटोपुरती आणि नंतर मुख्याध्यापकांच्या कपाटात. शिवाय त्यात निवडक पंधरा मुलं. वर्षातून एकदा वाचक भेटणार, तोही पाहुणा. मूल लिहायला शिकावं यासाठी वाचक आठवड्याला भेटायला हवा, आणि तो सगळ्यांना भेटायला हवा.

वर्गाचं पान

देवनागरीच्या पेटीची ती अडचण आता फोनने संपवली आहे. ज्या जोडाक्षरासाठी जुळारी खण धुंडायचा, ते आता बोटाने दोन टिचक्यांत उमटतं. बोललेलंही अक्षरात उतरतं, भले चुकांसकट. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांतले शिक्षक गेली काही वर्षं आपल्या शाळेचा ब्लॉग स्वतःच्या खिशातल्या फोनवर चालवतात. पालकांचा व्हॉट्सॲप गट तर जवळजवळ प्रत्येक वर्गाचा असतो. म्हणजे यंत्र आहे, टपालही आहे, तेही फुकट. नसतो तो फ्रेनेचा दिनक्रम.

अशी पानं उघडून पाहिली तर काय दिसतं? ध्वजवंदन, शालेय साहित्याचं वाटप, मान्यवरांचं स्वागत, शाल, श्रीफळ. हे शाळेचं कार्यवृत्त झालं, त्याची जागा वेगळी. मुलाच्या शिकण्यासाठी चालवायचं पान निराळं असतं आणि त्याच्या चार-पाच रीती कामाच्या आहेत.

पहिली, पान मुलांचं. आठवड्याला एक मजकूर, मुलांनी निवडलेला. सहा ओळींचा असला तरी चालेल. पहिली-दुसरीत मूल बोललेलं बाई उतरवून घेतील, किंवा मुलाच्या आवाजातच ठेवतील.

दुसरी, फळ्यावरची दुरुस्ती मुलासमोर व्हावी. बाईंनी रात्री घरी बसून वाक्यं गोंडस केली की मजकूर बाईंचा होतो आणि मुलाला ते लगेच कळतं. “आमच्या म्हशीनं दावं तोडलं अन् पार नदीला गेली” यातला ‘अन् पार’ काढून टाकणं हे शुद्धलेखन नव्हे. वेलांटी सुधारावी, बोली राहू द्यावी. ‘दावं’ म्हणजे काय, हा प्रश्न शहरातला वाचक विचारेल, आणि उत्तर देताना मूल पुन्हा एकदा लिहील.

तिसरी, प्रतिसाद द्यायलाही शिकवावं लागतं. आपल्या गटांवरचे अंगठे, जोडलेले हात आणि ‘खूप छान’ यांनी मुलाला आनंद होतो, पण दुसरं वाक्य सुचत नाही. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना एवढंच सांगावं: एक गोष्ट आवडली ती नेमकी सांगा, आणि एक प्रश्न विचारा. लेखन पुढे जातं ते प्रश्नामुळे.

चौथी, वाचक लांबचा शोधावा. गुहागरच्या शाळेने बीडच्या शाळेला लिहावं, मेळघाटाने मुंबईला. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलाने कारखान्याच्या तळावरून आपल्या वर्गाला लिहिलं, तर शाळेशी जोडलेला धागा तेवढा तरी तुटणार नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात. तिथल्या मुलांना दावं, बैलपोळा, हादग्याची खिरापत समजावून सांगायची तर इथल्या मुलांना आपली मराठी चांगलीच ताणावी लागेल, आणि त्यांचा बर्फ मराठीत वाचायला मिळेल तो वेगळाच.

पाचवी, सगळ्यांची पाळी यावी. चांगलं लिहिणाऱ्या चौघांचंच पान झालं की बाकीचे वाचकही उरत नाहीत.

छापलेलं मागे घेता येत नाही

वाचक खरा असला की त्याचा रागही खरा असतो. फ्रेने १९२८ साली सँ-पोल गावी बदलून गेला. तिथे १९३२च्या डिसेंबरात गावात त्याच्याविरुद्ध पत्रकं लागली. निमित्त होतं एका मुलाच्या छापलेल्या मजकुराचं. मुलाला स्वप्न पडलं होतं; शाळेचं साहित्य न देणाऱ्या महापौरावर स्वप्नात मुलं चालून जातात आणि तो मारला जातो. मुलाच्या स्वप्नाचं गावच्या राजकारणात भांडवल झालं, प्रकरण वर्तमानपत्रांत गेलं, आणि १९३३ साली फ्रेनेला ती शाळा सोडावी लागली. दोन वर्षांनी त्याने आणि त्याची पत्नी एलीझने व्हाँसजवळ स्वतःची शाळा काढली.

मूल मोकळेपणी लिहील तेव्हा घरातलंही लिहील. बापाचं पिणं, आईचं रडणं, कर्ज. वर्गातल्या सतरंजीवर वाचलेलं आणि जगासमोर मांडलेलं यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखणं हे मोठ्यांचं काम. मजकूर वर्गापुरता, दोन शाळांपुरता की सर्वांसाठी, हे दर वेळी मुलाला विचारून ठरवावं. फ्रेनेच्या काळात पान फार तर काही गावांत जाई. आज ते कुठे जाईल आणि किती वर्षं राहील याचा नेम नाही. म्हणून उघड्या पानावर पूर्ण नाव, चेहरा, पत्ता नको. ‘इयत्ता तिसरीतली एक मुलगी’ एवढं पुरतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे आणि मुलांची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती, हे तत्त्व घालून दिलं आहे. कायद्याच्या आधीही शहाणपण तेच सांगत होतं. दोन वर्गांपुरता बंद गट हा प्राथमिक शाळेसाठी बहुतेक वेळा पुरेसा आणि बरा. त्रेगँकचा वर्ग हा एकच वाचक होता, आणि तो पुरला.

पुन्हा विहिरीपाशी

त्या मोरांच्या वर्गात पुढे एवढंच झालं. बाईंनी किनाऱ्यावरच्या एका शाळेशी ओळख काढली आणि मुलांना सांगितलं, त्यांच्या गावात सुगरणीची घरटी नाहीत, त्यांना सांगायचंय. चिठ्ठ्या झाल्या, सतरंजीवर ढीग लागले, अर्धवट घरट्यांवरून पुन्हा भांडण झालं आणि दोन्ही मतं लिहायची असं ठरलं. अकरा ओळींचा मजकूर फोनवरून गेला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यात स्तुतीची एक ओळ होती आणि प्रश्न एकच होता: एक घरटं विणायला किती दिवस लागतात?

वर्ग गप्प. रोज त्या बाभळीखालून जाणाऱ्या पस्तीस जणांपैकी कुणालाही ते सांगता येईना. सगळ्यांनी सवयीने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “मलाही माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक तक्ता लागला. डावीकडे तारखा, उजवीकडे रोज कुणी जाऊन बघायचं त्यांची नावं. एका फांदीवर नुकतंच गवताचं पहिलं कडं बांधलं होतं. त्याला त्यांनी ‘घरटं क्रमांक १’ म्हटलं आणि विहिरीपासून चार पावलं लांब उभं राहून मोजायला सुरुवात केली.